शेवटच्या पंगतीचा धनी

माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीच्या चौथ्या ओळीला वरणभात पोचायच्या आत मी माइक हातात घेऊन 'बोला पुंडलिक वरदा' अशी आरोळी ठोकली, हे खरं आहे. आमच्याकडं सगळ्या पत्रावळींवर सगळं वाढून झाल्याशिवाय हा जयघोष करत नाहीत, कारण तो झाला की माणसाचा हात अन्नात जातो आणि मग तो प्रत्यक्ष पांडुरंगालाही थांबवता येत नाही. हेही मला ठाऊक होतं. पण या घोटाळ्याचं मूळ माझा साडू आहे. इतक्या निष्ठेनं काहीही न करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो काही करत नाही म्हणूनच माझ्यासारख्याला माइक उचलावा लागतो.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, राहणार युसूफ वडगाव. लग्नाकार्यात स्वयंपाक करून वाढणाऱ्या माणसांचा एक ताफा त्याच्याकडं आहे, असं लोक म्हणतात. मला तर उलटंच वाटत आलंय, त्या ताफ्याकडं हा एक साडू आहे. ते घामाघूम होऊन राबतात आणि हा लिंबाखाली बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरतो. कढईत झारा घालत नाही, कुणाला हाक मारत नाही, "मीठ बघा रे" एवढंसुद्धा म्हणत नाही. नवा माणूस आला तर त्याला काम नेमून देणंही याच्या जिवावर येतं. "आठ दिस भांडी घासू द्या," म्हणतो, "मग त्येचा हात आपला आपण जागा धरतो." मी केज तालुक्यातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक, नेतृत्वविकासाची प्रशिक्षणं घेऊन त्यांची प्रमाणपत्रं काचेत लावलेला माणूस. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोंबडा आरवायच्या आत माझी सूचना पडलेली असते. तरी दरसाल दोघंतिघं बदली मागतातच. कारण विचारलं तर कौटुंबिक अडचण सांगतात, आणि ती अडचण खुर्चीत बसून त्यांच्याकडं बघत असते. याच्या ताफ्यातली माणसं मात्र कढईपुढंच म्हातारी झाली, हलायचं नाव नाही. आळशाला आळशाचीच संगत आवडते, दुसरं काय!

एकदा धारूरला एका पुढाऱ्याच्या घरी नव्यानंच लागलेल्या गणपत नावाच्या वाढप्यानं आमटीची अर्धी बादली यजमानाच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर ओतली. पुढारी गरजला, "कुणी सांडलं बे?" तर पार तिकडून, मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या बाजेवरून, आमचा साडू म्हणाला, "म्या सांडलं." मधे अख्खी पंगत बसलेली! पुढारी आपल्या पायजम्याकडं बघतोय, बाजेकडं बघतोय, आमटी एवढी उडाली कशी याचा त्याला हिशेब लागेना. मी नंतर त्याला फैलावर घेतलं, "साडूभाऊ, शिस्त म्हणून काही चीज असते की नाही?" म्हणाला, "सर, त्येचं तोंड बघितलं का तुमी? आता जल्मात थेंब सांडायचा न्हाई." झालं. एवढ्यावर पुन्हा सुपारी.

साऱ्या दिवसात हा एकच काम करतो, आणि तेही उलटं. पाहुणे जेवून उठले की आपल्या माणसांची शेवटची पंगत बसवतो, स्वतः कमरेला पंचा गुंडाळून त्यांना वाढतो आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर कडेला जेवायला बसतो. त्या पंगतीत बाहेरच्याला थारा नाही. एका गावचे सरपंच भुकेनं कासावीस होऊन तिथं टेकू लागले, तर यानं त्यांना हाताला धरून उठवलं, घरात नेऊन पाटावर बसवलं. "हितं आमची माणसं बसत्यात," एवढाच खुलासा.

अशा माणसाच्या हाती मुलीच्या लग्नाची पंगत द्यायला मी तयार नव्हतो. बीडचा बुफेवाला मी ठरवत आणला होता. पण बायको म्हणाली, "घरचा माणूस सोडून परक्याला बोलावलं तर माझ्या बहिणीनं तोंड कुठं लपवायचं?" व्याही सिरसाळ्याचे आडतदार, वाढण्यात जरा खोट दिसली तर मुलीला जन्मभर ऐकवणारे. आणि माझ्या आरोळीच्या वेळी चौथ्या ओळीत व्याह्यांचे थोरले भाऊच बसले होते, पुढ्यात फक्त मीठ आणि लिंबाची फोड घेऊन.

मी धावत लिंबाखाली गेलो. "साडूभाऊ, उठा! इज्जत गेली!"

"कुणाची?"

"माझी! तुमची! पोरीची! तुमच्या माणसांना सांगा काहीतरी!"

"कावून? डोळे हायत की त्यांना."

मी मागं वळलो तर आमटीच्या दंगलीतला तो गणपत वरणाची बादली घेऊन चौथ्या ओळीच्या शेपटाकडून उलटा सुटला होता. पुऱ्या तळणाऱ्या मावशी झारा टाकून भाताचं घमेलं घेऊन त्याच्या पुढं होत्या, आणि पाणी वाढणारा कुणी न सांगता तूप वाढत होता. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला धडकलं नाही. थोरले व्याही पहिला घास घेत मला म्हणाले, "वाढप लई तालावर हाय हो तुमचं!" मी नम्रपणे मान लववली आणि पुन्हा माइककडं गेलो. मान्यवरांचे आभार मानायचे राहिले होते, आणि मान्यवर पुष्कळ होते.

संध्याकाळी पाठवणी झाली. रिकाम्या मांडवात मी आणि बायको दोघंच खुर्च्यांवर बसलो होतो. मुलीच्या खोलीकडं बघवत नव्हतं, म्हणून मी साडूला बोल लावायला घेतला. "तुझे दाजी बघ, जाताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत."

बायकोनं पदरानं डोळे पुसले.

"व्याह्यांनी इचारलं, एवढी घाई कुणी केली म्हणून. दाजी म्हणले, 'मीच सरांना खुणावलं, माझी चूक झाली.' आन् शेवटच्या पंगतीला आपल्या शेजारी एक पत्रावळ वाढून ठेवलती त्यांनी. कुणाला बसू देईनात. स्वतः जेवायचे थांबून पंच्यानं माशा वारत बसलते. मी म्हणलं, कुणाची हो ही? तर म्हणले, 'सर येतेत की.' तुमी माइकवर होता."