आत्याची बिनशेंगदाण्याची पार्टी

बेकरीवाल्या आत्याला खरा भाचा एकच, पण आख्खी गल्ली तिला आत्या म्हणायची. पहाटे भट्टीपुढे आणि दिवसभर गिऱ्हाइकांपुढे उभं राहून तिचे खांदे रुंद झाले होते आणि आवाजही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बेकरी तिने एकटीने चालवली आणि आईविना राहिलेल्या या भाच्याला पिठाच्या पोत्यांवर निजवून वाढवलं. तिची शेंगदाण्याची बिस्किटं घ्यायला लोक लांबून यायचे. वर्षअखेरच्या सुट्टीत एका दुपारी ती दुकान बंद ठेवायची आणि वरच्या खोलीत सगळ्यांना बोलवायची. खाणं, गाणी, पत्ते, नुसता दंगा.

मागच्या वर्षीची पार्टी मात्र अर्ध्यावर मोडली. भाच्याची मुलगी एवढीशी, गोल गरगरीत, म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे. तिला शेंगदाणा चालत नाही, हे भाचेसुनेने आल्याआल्या सांगितलं होतं. आत्याने ऐकलं, पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं. ‘आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं,’ असं मनात म्हणत तिने केकवरचे दाणे बोटांनी टिपून काढले आणि तुकडा पोरीच्या हातात दिला.

बघता बघता बटणचे ओठ सुजले. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. भाचेसुनेने पर्समधून इंजेक्शनचं पेन काढून तिच्या मांडीत टोचलं, भाच्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. पोर वाचली. आत्या दवाखान्याच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसून राहिली. तिला कोणीही बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

यंदा तिने बिचकतच फोन केला.

“येऊ ना आत्या,” भाचेसून म्हणाली. “फक्त बटणचा डबा आम्ही घरून आणू.”

“डबा? माझ्या घरी यायचं आणि डबा आणायचा?”

पलीकडून हळूच उत्तर आलं, “राग मानू नका. मला भीती वाटते हो.”

आत्याने फोन ठेवला आणि सगळा राग कणकेवर काढला. त्या दिवशीचा पाव इतका चिवट झाला, की भट्टीवरचा कारागीर म्हणाला, “आत्या, याचे चपलांना तळ लावता येतील.” ती हसली नाही. पण हात धुताना तिच्या मनात आलं, आपल्या घरात पोरीला घास भरवताना आईला भीती वाटत असेल, तर रुसायचा हक्क कोणाचा?

दुसऱ्या दिवशी ती भाच्याच्या दारात उभी.

“मला शिकव,” ती भाचेसुनेला म्हणाली. “अगदी पहिल्यापासून. मला काहीच येत नाही असं समज.”

भाचेसुनेने चहा टाकला आणि सांगायला बसली. वरचे दाणे काढून भागत नाही. ज्या सुरीने दाण्याचा केक कापला, तीही चालत नाही. दाण्याच्या तेलाचा हात लावलेला ट्रेसुद्धा नाही.

“अगं, म्हणजे माझी आख्खी बेकरीच शेंगदाणा झाली की!”

“झालीच आहे,” भाचेसून म्हणाली, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. मग तिने सरावाचं बिनसुईचं पेन आणलं. आत्याने ते स्वतःच्या मांडीवर पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, अगदी हाताला सवय होईपर्यंत.

खाली भट्टीत काही करायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. वरचं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं. नवी सुरी, नवे चमचे, नवा केकचा डबा आणला. सामान घेताना पुड्यांवरची बारीक अक्षरं चष्मा पुढेमागे करत वाचली. आणि भिंतीएवढ्या भट्टीवर राज्य करणारी ही बाई घरातल्या चिमुकल्या ओव्हनपुढे गुडघे टेकून बसली. पहिला केक एका बाजूने करपला, दुसऱ्या बाजूने कच्चा राहिला. “जन्म गेला केक करण्यात,” ती ओव्हनला म्हणाली, “आणि तू मला शिकवतोस होय?” तिसरा केक मात्र मऊ कापसासारखा उतरला.

पाहुण्यांना तिने बजावून सांगितलं होतं: रिकाम्या हाताने या आणि आल्यावर साबणाने हात धुवा. सगळ्यांनी ऐकलं. शेजारचे मास्तर मागच्या पार्टीला नव्हते आणि त्यांना तेवढा निरोपही पोचला नव्हता. ते आले ते डबा छातीशी धरूनच, डोळे चमकत होते.

“ओळखा पाहू! तुमचीच शेंगदाण्याची बिस्किटं. आयुष्यात पहिल्यांदा ओव्हन लावला मी. वाटेत दोन खाऊनही पाहिली, फक्कड झालीत!”

समोरून बटण धावत येत होती आणि तिचा गाल ओढायला मास्तरांनी हात पुढे केलाच होता.

“मास्तर, हात मागे!”

भाच्याने लेकीला वरच्यावर उचललं. मास्तरांचा चेहरा उतरला. आत्या त्यांना जिन्यात घेऊन गेली आणि मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं, आपल्या हातून घडलं तेही.

“अरेरे,” मास्तर म्हणाले. “घरी ठेवून येतो डबा.”

“या ठेवून. उद्या सकाळी चहाबरोबर आपण दोघं बसून खाऊ. मला चाखायचीच आहेत. आणि येताना हात-तोंड धुवा, मिशीसकट. तिच्यात अर्धं बिस्किट अडकलंय.”

मास्तर हसतच गेले आणि शर्टसुद्धा बदलून आले.

भाचेसुनेने केकचा तुकडा आधी स्वतः खाल्ला. आत्याने सामानाचे पुडे पुढे ठेवले, ते तिने निवांत वाचले. मग लेकीला मान डोलावून हो म्हटलं. बटण टेबलाशी आली.

“हा चालतो?”

“चालतो,” आत्या म्हणाली.

“आणि ही?”

“तीही चालते.”

“आणि ते?”

“अगं, सगळंच चालतं! आज पोट दुखलं तर ते फक्त खादाडपणानं.”

बटणने दोन्ही हात भरून घेतले. पुढे मास्तरांनी बेसूर गाणं धरलं, भाचा लेकीला पायांवर उभं करून नाचला. भाचेसुनेने पर्स हाताशी खुंटीला अडकवली होती; पेन तिथे आहे हे सगळ्यांना सांगितलेलं होतं. मग ती टेबलाकडे पाठ करून कोचावर टेकली आणि कारागिराच्या कुठल्याशा विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

आत्याने तिच्या कपात आणखी गरम चहा ओतला आणि स्वतःसाठी खुर्ची ओढून घेतली.