पहिल्या कर्जाचा फोटो

माझ्या मित्राच्या कंपनीला परवाना नाकारला गेला तो त्याच्या मेहुण्यामुळे नाही, माझ्यामुळे. एवढं वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मेहुण्याला त्या घराचं दार बंद झालं, म्हणून आता सगळं नीट लिहितो.

चिंचवडमध्ये वाहनकर्ज देणाऱ्या एका कंपनीत मी शाखा व्यवस्थापक होतो. हा मित्र माझ्या हाताखाली. लातूरकडून आलेला, काळेवाडीत दोन खोल्यांत राहणारा. मी निगडीला प्राधिकरणात बंगला बांधला, आणि तरी आयुष्यभर त्याच्यावर जळत राहिलो. चाकणहून माल वाहणारे टेम्पोवाले शाखेत आले की माझ्या केबिनकडे न बघता सरळ त्याच्या टेबलापाशी जायचे. कुणाच्या गाडीचा क्लच गेलाय, कुणाची बायको बाळंत झालीय, सगळं त्याला ठाऊक. एकदा एक म्हातारा ड्रायव्हर माझ्या तोंडावर म्हणाला, "सायेब, सही तुमी करता, व्हय. पर कर्ज आमाला भाऊच देत्यात." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

निवृत्तीनंतर मी सकाळी बागेत चालायला जाऊ लागलो आणि त्याने तिघांना सोबत घेऊन स्वतःची वाहनकर्जाची कंपनी काढली. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, संचालक व्हायचं होतं. अनुभव नाही म्हणून याने त्याला घेतलं नाही. तरी परवान्याचा अर्ज मेहुण्यानेच मन लावून भरला. चाकण रस्त्यावर गाळा घेतला, फलक रंगवून लावला आणि मंडळी वाट बघत बसली.

या धंद्यात अर्ज केला की परवाना मिळतोच असं नसतं. भांडवल कमी पडलं, संचालकांच्या वर्तनाबद्दल शंका आली, किंवा परवाना हातात येण्याआधीच कंपनीने कर्ज वाटायला सुरुवात केली, तर नियामक अर्ज फेटाळू शकतो. हे शेवटचं मला पक्कं माहीत होतं. त्याला अंधुक.

दसऱ्याला त्याने गाळ्यात पूजा ठेवली. आमच्या भागात गाडी घ्यायची ती दसऱ्याच्या मुहूर्तावरच. त्याच्या एका जुन्या ड्रायव्हरने टेम्पो ठरवला होता आणि सुरुवातीची रक्कम कमी पडत होती. मित्राने ती स्वतःच्या खिशातून उसनी दिली. पण ड्रायव्हर हट्टाला पेटला, "न्हाई भाऊ, कंपनीचं पयलं पान माज्याच नावाचं पायजे."

छापील करार तयारच होते. मित्र माझ्याकडे वळला. "साहेब, परवाना यायचाय अजून. चालंल का?"

"अरे, मुहूर्ताचा एक कागद. पूजेपुरता. एवढा काय घाबरतोस?"

"तुम्ही म्हणल्यावर झालं की."

त्याने करार भरला, सही केली, वर हळदकुंकू वाहिलं आणि फलकाखाली उभं राहून ड्रायव्हरला किल्ली दिली. "फोटो तुमच्याच हातनं निघू द्या, साहेब." मी काढला. मग टेम्पोवाले आपट्याची पानं घेऊन त्याच्या पाया पडू लागले. एकामागून एक. मी पेढ्यांच्या खोक्यापाशी उभा होतो. माझ्या निरोपसमारंभाला शाखेने शाल दिली होती. टेम्पोवाला एकही आला नव्हता.

फोटो मी त्याला एकट्याला पाठवला, त्याने मेहुण्याला. आठवड्याभरात मी तो निनावी तक्रारीला जोडून नियामकाकडे धाडला. परवान्याआधीच कर्जवाटप सुरू आहे, असं लिहिलं. पैसे त्याचे स्वतःचे होते, तेवढं लिहिलं नाही.

तोच फोटो जोडून त्याच्याकडे खुलासा मागवला गेला. त्याने खरं ते सांगितलं, पण करारावर नाव कंपनीचं होतं आणि सही त्याची. अर्ज फेटाळला. गाळा सोडावा लागला. फोटो आम्हा तिघांकडेच होता. माझ्यावर संशय घेणं त्याच्या मनातही आलं नाही. माझ्या घरी येऊन तो रडला. "साहेब, संचालक केलं नाही म्हणून घरच्यानंच डाव साधला." मी त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "काय बोलणार." त्याची बायको तेव्हापासून भाऊबीजेला माहेरी गेलेली नाही.

गेल्या रविवारी काळेवाडीला गेलो. चहा होईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. त्याची बायको कप घेऊन दारातच थांबली.

तो म्हणाला, "परवाना मिळाला असता तर तुमचं काय गेलं असतं, साहेब?"

"काही नाही."

"मग?"

"सगळे तुझ्याकडेच यायचे."

"एवढंच व्हतं तर सांगायचं की. तुम्हालाच खुर्चीवर बसवलं असतं." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाठ केली आणि फोन लावला. "दाजी बोलालोय... ठेवू नको, ऐक. माझं चुकलं." बायकोने फोन ओढून घेतला आणि बहीणभाऊ दोघं एकदमच बोलू लागली. मला कुणी जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.

जिना उतरताना हलकं वाटायला हवं होतं. खरं लिहायला बसलोय म्हणून लिहितो, मला पुन्हा जळफळाटच झाला. चार वर्षं तोडून ठेवलेला माणूस पहिल्याच रिंगला फोन उचलतो. असा फोन मी कुणाला करू?