शैलाताईंच्या चिकटपट्ट्या

पॅकिंगच्या शैलाताई नसत्या, तर मी केव्हाच गावी परतलो असतो. कंपनीने मालाच्या नोंदीच्या वह्या बंद करून त्यासाठी बटणांचं मशीन आणलं. शिकवणं झालं तासभर, तेही इंग्रजीत. माझी शाळा सातवीत सुटलेली. आठवड्यात जमलं नाही तर काम जाणार होतं. ताईंनी प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलं. "वाच रे, मशीन काय चावतंय का तुला?"

आज मशीनवरचं काम बघायला पाहुणे येणार म्हणून साहेबांनी पट्ट्या खरवडल्या. म्हणाले, "घाण दिसते." अहो, ज्या अक्षरांवर आमचं पोट चाललं, ती घाण? आम्ही सगळे मशीन चालवतो हे बघून पाहुण्यांनी साहेबांचीच पाठ थोपटली. बटणांखाली गोंद अजून बोटाला चिकटतो, आणि माझा संताप काही जात नाही. ताई, एक दिवस सगळ्यांसमोर सांगेन, हा बदल तुम्ही घडवलात.