मासळी बाजाराचा उतार

ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी मॅडमच्या ऑफिसात लागले, तेव्हा आर्किटेक्ट म्हणजे बंगले काढणारं माणूस एवढीच माझी समजूत होती. रत्नागिरीतलं आमचं ऑफिस दोन खोल्यांचं. पण त्या दोन खोल्यांतून काय काय बाहेर पडायचं! पावसला बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसाचं घर बांधायचं होतं. तो वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, म्हणून मॅडम सगळं त्याच्या बायकोला विचारून ठरवायच्या. त्याचा फोन आला की तो एवढंच म्हणायचा, "तिला पसंत ना? मग बांधा." त्या घरासाठी हापूसचं एकही कलम तोडलं नाही. एक भिंत थोडी तिरकी गेली, बस. मिरजोळ्याला आंब्याच्या रसाचा कारखाना केला, तिथे कामगारांच्या जेवणाच्या खोलीला समुद्राकडचा वारा मिळाला आणि मालकांच्या केबिनला नाही. मालक आठवडाभर रुसले होते. पालीला रस्त्यालगत दुकानांचे गाळे बांधले, त्यांच्या पायऱ्या इतक्या रुंद की कोल्हापूरच्या गाडीची वाट बघणारी माणसं आजही तिथेच बसतात.

मग किनाऱ्यावरच्या एका गावातला मासळी बाजार आमच्याकडे आला. तोवर तिथल्या बायका रस्त्याच्या कडेला पाट टाकून बसत. आता त्यांना छप्पर, पाणी, ओटे मिळणार होते. ओट्यांचं ड्रॉइंग मी एकटीने काढलं. मॅडमनी पाहिलं, सही केली, आणि मी दोन दिवस हवेत होते.

ओट्यांची पहिली रांग बांधून झाली आणि मॅडम मला साइटवर घेऊन गेल्या. गावच्या पंचायतीची चार माणसं आली होती, ठेकेदार होता, आणि बघायला आलेल्या मासेवाल्या बायका. त्यांतली एक साठीची बाई कोणाला न विचारता ओट्यावर चढून बसली. जवळच्या बादलीतलं पाणी तिने समोर ओतलं. ते गिऱ्हाइकाकडच्या गटाराकडे जायचं सोडून सरळ तिच्या मांडीखाली आलं.

"बघा गो बायांनो," ती ओरडली, "म्हावरं धुवायचं आणि वर त्याच पाण्यात बसायचं!"

सगळ्या हसल्या. ठेकेदाराने शांतपणे ड्रॉइंग उलगडलं आणि उताराच्या बाणावर बोट ठेवलं. बाण आतल्या बाजूला होता. मी उलटा काढला होता. माझे कान तापले. आता मॅडम माझ्याकडे बघणार, मग सगळेच बघणार, असं वाटून मी जमिनीकडे पाहत राहिले.

"चूक आमच्या ऑफिसची आहे," मॅडम म्हणाल्या. "सही माझी आहे. ही रांग तोडायची आणि पुन्हा बांधायची."

पंचायतीतला एक जण म्हणाला, "अहो मॅडम, एवढ्याशासाठी? थोडं सिमेंट चढवून भागेल की."

"नाही भागणार. आणि मावशी, तुम्ही खाली उतरू नका. अजून काय काय चुकलंय ते सांगा."

त्या बाईला हे अपेक्षित नसावं. तिने मॅडमकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "तुम्ही कधी मासे कापलेत?"

"नाही."

"मग उद्या सकाळी या."

परत येताना गाडीत मी रडले. मॅडम समोर बघून गाडी चालवत होत्या. म्हणाल्या, "बाण तू उलटा काढलास, आणि मी तो न बघता सही केली. दोघींनी उद्या लवकर उठायचं."

आम्ही सलग चार सकाळी गेलो. मॅडम त्या मावशींच्या शेजारी पाटावर बसल्या, विळी पायाखाली धरून बांगडे कापायला शिकल्या, बोट कापून घेतलं, हळद लावून पुन्हा बसल्या. मी टेप घेऊन मापं घेत होते. विळी धरून बसलेल्या बाईला केवढी जागा लागते, टोपली कुठल्या हाताला असते, उठताना ती कशाला धरते, यातलं काहीच मी काढलेल्या कागदावर नव्हतं. तिसऱ्या दिवशी बायका आपणहून सांगू लागल्या. एकीला पाठ टेकायला काहीतरी हवं होतं, एकीला जेवणाचा डबा ठेवायला मासळीपासून लांब कोनाडा. मॅडम प्रत्येकीचं ऐकून म्हणायच्या, "लिहून घे." मी लिहून घेतलं.

ओटे पुन्हा बांधले. या वेळी बाण काढण्याआधी मी साइटवर एक फळी तिरकी धरून तिच्यावर पाणी ओतून पाहिलं होतं.

बाजार आता भरतो. कोनाड्यात डबे असतात, पाणी जायचं तिकडे जातं. मावशींनी सुरुवातीलाच कोपऱ्यातला ओटा पटकावला. दोन बायका मात्र अजून बाहेर रस्त्याकडेलाच बसतात. स्कूटरवरून न उतरता मासे घेणारी गिऱ्हाइकं तिथे थांबतात, असं त्यांचं म्हणणं. परवा आम्ही तिकडून जात होतो. एवढं सगळं करूनही या दोघी बाहेरच, म्हणून मी चिडले. मॅडमनी गाडी थांबवली, उतरून थोडा वेळ त्या दोघींचा धंदा पाहत उभ्या राहिल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे गं. रस्त्याकडचं छप्पर त्यांच्या डोक्यावर येईल असं चार फूट पुढे काढता येईल का, ते बघ."