दोन चंद्र

आमच्या फिल्म सोसायटीत सिनेमा कळला नाही असं कुणी कबूल करत नसे. म्हणूनच माझ्या सायक्लोस्टाइल केलेल्या कागदाला भलताच मान होता. महिन्यातून एका रविवारी सकाळी नाशिकच्या एका थिएटरात आमचा परदेशी चित्रपट असायचा. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, त्यातली निम्मी पुढच्यांच्या डोक्यांआड जायची. मग मी आधीच मराठीत गोष्ट लिहून काढायचो आणि दारात वाटायचो, शेवटासकट.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. अंतराळयानाचा एक गाजलेला जुना चित्रपट येणार होता. माझ्याकडे त्याच्यावरचा एका मासिकातला लेख होता, पण लिहिणाऱ्याने शेवट गुलदस्त्यात ठेवलेला. मी ठोकून दिलं, यान अखेर पृथ्वीवर परत येतं. भरकटलेली माणसं घरी येणार नाहीत तर जाणार कुठे, असा माझा साधा हिशेब.

त्याच महिन्यात मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सभासद केलं होतं. विंचूरकडचा, घरातला पहिला शिकलेला, अबोल माणूस. आपल्याला त्यातलं काय कळणार, म्हणून तो बरेच दिवस टाळत होता. मीच गळ घालून त्याला आणलं. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, माझा कागद घडीसकट खिशात ठेवला आणि सिनेमा बघत बसला.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात चहाबरोबर चर्चा रंगली. घर, परतणं, मातीची ओढ, एकेकजण भरभरून बोलला. नव्या सभासदाला बोलतं करायची अध्यक्षांची पद्धत होती. तो उभा राहिला.

"यान परत आलंच नाही ना," तो म्हणाला. "शेवटी ते उतरलं, तिथं आभाळात दोन चंद्र होते."

हशा पिकला. फिजिक्सच्या एका प्राध्यापकांनी प्रोजेक्टरच्या भिंगामुळे चित्र दुहेरी कसं दिसतं ते त्याला समजावलं. एका बाईंनी मायेनेच आपला कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"माझंच चुकलं असेल," म्हणाला आणि खाली बसला.

दोन चंद्र मीही पाहिले होते. पण मी बशीत चहा ओतत राहिलो. सोसायटीत माझी जी काही पत होती ती त्या कागदावर होती, आणि त्या घटकेला ती मला त्या माणसापेक्षा मोठी वाटली. आजही हे लिहिताना माझाच राग येतो.

सोमवारी तो ऑफिसला उशिरा आला. विचारलं तर म्हणाला, डोळे तपासून आलो.

"एवढ्या शिकलेल्या लोकांना एकच दिसला, मग म्हटलं दाखवून घ्यावं. डॉक्टर म्हणतात, नजर चांगली हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवट मी मनाने लिहिला होता, हे मी तिथेच त्याच्या टेबलाशी उभं राहून सांगितलं. तो रागावला नाही. हे काल तिथं बोलायचं होतं, एवढंच म्हणाला आणि त्याने फाइल उघडली.

पुढच्या महिन्यात चर्चेच्या वेळी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. लोक पोटभर हसले, माझ्या प्रामाणिकपणाला टाळ्याही पडल्या. तो आला नव्हता. नंतरही कधी आला नाही.