वीबेच्या खिडकीतलं कासव

आमच्या गल्लीत कुणी पडदे ओढत नाही. त्यामुळे समोरच्या वीबे हूकस्त्राच्या घरात काय चाललंय ते आपोआप दिसतं. मी जरा जास्तच बघायची, हेही खरं.

वीबे बोटी आल्या की कालव्यावरचा पूल उघडायच्या नोकरीत होता. त्याला वेड होतं ते पोट सुटलेल्या बुंध्याच्या झाडांचं. खिडकीची फळी त्यांनीच भरलेली. त्यातल्या सगळ्यात लाडक्या झाडाला तो कासव म्हणायचा. लग्नाच्या वर्षी त्याच्या बायकोने, फ्रौक्येने, बी पेरून ते वाढवलं होतं. त्याच्या बुंध्यावर कासवाच्या पाठीसारखे टणक खवले आले होते. त्या दोघांना मूल झालं नाही. झाड मात्र वाढलं.

त्या झाडाचं सगळंच उलटं. हिवाळ्यात वेल फुटायची, उन्हाळ्यात वाळून जायची आणि झाड झोपायचं. झोपेत पाणी मिळालं की आतून कुजलंच म्हणून समजा. गल्लीतल्या बायका झाऱ्या घेऊन फिरायला लागल्या की वीबे खेकसायचा, "हात लावू नका. झोपलंय ते." एकदा माझ्या हातातली झारीच हिसकावून घेतली मेल्याने.

मग फ्रौक्येचं विसरणं सुरू झालं. आधी शेगडी, मग आम्ही शेजारी, मग नवरा. जन्मभर "अरे वीबे" म्हणणारी बाई त्याला "अहो, तुम्ही कुणाकडे आलात?" असं विचारायला लागली. झाडांना पाणी घालणं तेवढं ती विसरली नाही. उन्हाळा लागला, वेल पिवळी पडली, तरी ती रोज सकाळी कासवाला पाणी घालू लागली.

वीबेने कासव उचलून माझ्याकडे आणून ठेवलं आणि तसंच दुसरं विकत आणून फळीवर मांडलं. फ्रौक्येने त्याच्यावरून हात फिरवला. "हे माझं नव्हे," ती म्हणाली, आणि पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात शोधत दिवसभर रडली.

संध्याकाळी वीबे माझ्या दारात उभा.

"दे ते परत."

"डोकं फिरलं का तुझं? मरेल ते."

"ठाऊक आहे."

"आणि आमच्यावर ओरडायचास तो?"

"ओरडायचो. अगं, ती मला ओळखत नाही. त्याला ओळखते."

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. कासव मी त्याच्या हातात दिलं.

त्यानंतर रोज सकाळी ती पाणी घालायची आणि वीबे तिच्या बाजूला उभा राहून बघायचा. एकदा मी कॉफीला गेले होते. वीबेने बुंधा अंगठ्याने दाबून पाहिला. दोन खवल्यांच्या मधे अंगठा आत गेला. त्याने तो हळूच विजारीला पुसला.

"काय झालं?" फ्रौक्येने विचारलं.

"काही नाही. झोपलंय."

"मग हळू बोला की."

थंडी आली, वेल फुटली नाही. आतला गर सडून गेला होता, नुसती कवटी उरली होती. फ्रौक्ये तिलाच पाणी घालत राहिली. बर्फ पडायच्या आधी तीही गेली.

तिला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वाटाण्याचं सूप घेऊन गेले. वीबे फळीपाशी झारी घेऊन उभा होता. पाणी त्या पोकळ कवटीतून थेट खालच्या बशीत उतरत होतं.

"वीबे," मी म्हणाले, "आत काही उरलं नाही रे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "हळू बोल."