बंद घराची फिरती चकती

आमच्या शेजारच्या मीटरवाल्याने एकतीस वर्षं लोकांच्या घरात शिरून विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली, मोरीमागे, कपाटाआड वाकून वाकून त्याची पाठ कायमची कमानीसारखी झाली. पण नजर अशी, की दारातूनच सांगायचा, या घरात भांडण झालंय, त्या घरात पाहुणा लपवलाय. माझ्या घराबद्दल काय सांगायचा ते मी इथे लिहिणार नाही.

त्याची सून व्हिडिओ गेम बनवते. तिच्या गेममध्ये एक मास्तर नाहीसा झालाय, धुक्यात बुडालेलं गाव आहे, दोनशे घरं आहेत, खेळणाऱ्याने डिटेक्टिव्ह होऊन हवं तिथे हिंडायचं, हव्या त्या घरात शिरायचं आणि घाबरायचं. चार वर्षं ती त्यावर खपली होती. आणि एके दिवशी तिच्या कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, शुक्रवारी बघतो. नाही घाबरलो तर गाव मोडून टाकू.

सून घरी आली ती पडेल चेहऱ्याने. म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळून बघता? माझ्या मित्रांना सगळंच छान वाटतं."

आतून सासूबाई ओरडल्या, "अहो, गोड बोला हं तिच्याशी!"

"मीटरवर असेल तोच आकडा मी वाचतो," मीटरवाला म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

चार दिवस, भरदुपारी, पडदे उघडे टाकून गडी खेळला. शेजारी मीटरचे आकडे टिपायची जुनी खिशातली वही. मी डोकावून पाहिलं, आणि हसता हसता मला ठसका लागला. 'घर ४१: भूत. घर ४२: भूत. घर ४३: तेच भूत, फक्त साडी वेगळी.'

बुधवारी त्याने सुनेला समोर बसवलं. मीही बसलो, मला कोणी बोलावलं नव्हतं, पण ऊठ असंही कोणी म्हणालं नाही.

"धुकं झकास आहे," तो म्हणाला. "ओल्या फरशीवरचा पावलांचा आवाज तर असा, की मी दोनदा मागे वळून पाहिलं. गाव खरं वाटतं, मी त्यात हरवलोसुद्धा."

सून जरा खुलली.

"पण रोज मरे त्याला कोण रडे? दहाव्या भुताला मी बाजूला हो म्हणालो. पुरावा तर नुसता लुकलुकतोय, मला शोधू कुठे देतेस तू? आणि मास्तर बिचारा नाहीसा झालाय, आणि गावातली माणसं मला म्हणतात, आधी आमची मांजर शोधून दे!"

सुनेने मान खाली घातली. माझ्याकडून तेवढ्यात एक "हो ना" निसटलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की बस.

"थांब, रडू नकोस. एकशे सतरा नंबर." त्याने वहीचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं: 'दार बंद. परत येईन.'

"त्या घरात तर काहीच नाही बाबा. दाराला फळ्या मारल्यात."

"फळ्या मारल्यात. तीन वर्षं कोणी राहत नाही असं शेजारीण सांगते. आणि बाहेरच्या मीटरची चकती फिरतेय, म्हणजे आत कोणीतरी वीज वापरतंय. पोरी, मी तिथे अर्धा तास उभा होतो. अंगावर काटा आला."

सून हसायलाच लागली. "ती चूक आहे हो! मीटर एकदाच बनवला आणि सगळ्या घरांना चिकटवला, म्हणून फिरतोय."

"मग रिकाम्या घरांचे बाकीचे मीटर बंद कर. ही चूक राहू दे. भुतं काढ, लुकलुक काढ, मांजर काढ. मास्तर त्या दारामागे आहे, हे ज्याचं त्याला कळू दे."

दोन दिवस घरात फक्त तिच्या कळफलकाचा आवाज होता.

शुक्रवारी मीटरवाल्याने आमच्या इमारतीचे सगळे मीटर तीनदा वाचले. मी म्हटलं, "अरे, तुला नोकरीवर परत घेतलं की काय?" तो चौथ्यांदा वाचायला निघाला, म्हणजे चांगलाच धास्तावला होता.

चारला फोन वाजला. त्याने तो मला ऐकू येईल असा धरला, एवढं मात्र खरं.

"बाबा! साहेब दहा मिनिटं एकशे सतराच्या दारापुढे उभे होते. खुर्ची मागे सरकवली आणि मलाच विचारायला लागले, आत कोण आहे? गाव राहतंय!"

"त्यांनी दार उघडलं?"

"छे! हातच लावेनात."

"मग रीडिंग बरोबर आहे," मीटरवाला म्हणाला, आणि त्याने वहीत एकशे सतरापुढे बरोबरची खूण केली.